पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील कवायतगृह

कवायत हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो शाळेच्या पटांगणात. मूळ शब्द अरबी आहे आणि 'कायदा' हा शब्द त्याचा सख्खा भाऊ आहे. कायदा म्हणजे नियम. कवायत हे त्याचेच अनेकवचन, म्हणजे नियमांचा समूह. शेकडो माणसांनी एका हुकुमासरशी एकाच पायावर वळावे, एकाच क्षणी बंदूक खांद्यावर घ्यावी, यासाठी घालून दिलेल्या नियमांना हे नाव मिळाले. अशी कवायत करण्यासाठी बांधलेल्या एका इमारतीचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. ही इमारत आपल्या गावातली नाही आणि देशातलीही नाही. न्यूयॉर्क शहरात पार्क अ‍ॅव्हेन्यू नावाचा श्रीमंतांच्या वस्तीचा रस्ता आहे, त्याच्यावर सहासष्टाव्या आणि सदुसष्टाव्या गल्ल्यांच्या मध्ये ती उभी आहे. सातव्या रेजिमेंटची आर्मरी हे तिचे नाव.

इतक्या दूरची इमारत वसंत व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. दर वर्षी १ मे रोजी आम्ही लाल निशाण लावतो. १९६० पासून तोच दिवस महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचाही दिवस आहे. त्या दिवसाचे मूळ अमेरिकेत, १८८६ सालच्या शिकागोत आहे हे प्रत्येक युनियनमधल्या पोरालाही ठाऊक असते. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार कसे उठले, त्यांचे पुढारी कसे फासावर गेले, ही कथा सभांतून सांगितली जाते. परंतु कामगार चौकात जमत होते त्याच काळात समोरची बाजू काय बांधत होती, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती कवायतगृहे बांधत होती. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही; जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, पाळी संपल्यानंतर. त्या वाचनातून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. एखाद्या समाजातील मालकवर्ग कोणाला भितो हे जाणायचे असेल तर त्याची भाषणे ऐकण्यापेक्षा त्याने बांधलेल्या भिंतींची जाडी मोजावी.

प्रथम ही पलटण काय होती ते पाहू. अमेरिकेची खडी फौज त्या काळी अगदी लहान होती. प्रत्येक राज्याची स्वतःची नागरी पलटण असे, तिला मिलिशिया म्हणत. तिचे शिपाई दिवसा दुकानात, कचेरीत, कारखान्यात काम करीत आणि संध्याकाळी गणवेश चढवून कवायतीला जात. सातवी रेजिमेंट ही न्यूयॉर्कची अशीच एक पलटण. १८२४ साली फ्रेंच सेनानी लाफायेत अमेरिकेच्या भेटीला आला, तेव्हा त्याच्या पॅरिसमधील दलाच्या सन्मानार्थ या पलटणीच्या पूर्वजांनी 'नॅशनल गार्ड' हे नाव घेतले. पुढे तेच नाव साऱ्या देशातील मिलिशियाला लागू झाले. सातव्या रेजिमेंटला लोक आणखी एका नावाने ओळखत: रेशमी मोज्यांची पलटण. व्यापाऱ्यांची मुले, पेढ्यांवरील कारकून, दलाल, वकील असे लोक तिच्यात असत. गणवेशाचा खर्च, मेजवान्यांची वर्गणी, मुक्कामांचा थाट हे सारे ज्याला झेपेल तोच तिच्यात टिके.

याच शहरात एकोणसत्तरावी रेजिमेंट होती, ती आयरिश मजूर आणि कारागिरांची. १८६० साली इंग्लंडचा युवराज न्यूयॉर्कला आला, तेव्हा त्याच्या मानवंदनेला आपली पलटण उभी करण्यास तिचा कर्नल मायकेल कॉर्कोरन याने साफ नकार दिला. मायदेशात इंग्रजांनी जे केले होते ते ती माणसे विसरली नव्हती. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली दोन पलटणी. एक पेढीवरची, एक घामाची. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

सातव्या रेजिमेंटने देशासाठी चाकरी केली नाही असे कोणी म्हणणार नाही. यादवी युद्धाला तोंड लागताच १९ एप्रिल १८६१ रोजी ती राजधानीच्या रक्षणासाठी निघाली. परंतु आपल्या शहरात ती लोकांच्या आठवणीत राहिली ती वेगळ्याच कारणाने. १० मे १८४९ रोजी अ‍ॅस्टर प्लेस येथील नाट्यगृहाबाहेर दंगल झाली. निमित्त दोन नटांच्या भांडणाचे होते. एक इंग्रज, दुसरा अमेरिकन. खाली खदखदत होता तो गरीब वस्तीचा आणि श्रीमंत प्रेक्षकांचा वाद. सातवी रेजिमेंट बोलावण्यात आली, तिने गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. १८६३ च्या जुलैत सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध मोठा दंगा झाला. तीनशे डॉलर भरणाऱ्याला भरतीतून सूट आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने लढाईवर जावे, असा तो कायदा होता. त्या संतापाने पुढे अत्यंत हीन रूप घेतले. निरपराध निग्रो रहिवाशांना ठार मारण्यात आले, त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळण्यात आले. गरिबाचा राग डोळस नसला तर तो आपल्याहून गरिबाच्या अंगावर जातो, याचे हे उदाहरण विसरता कामा नये. त्या दंग्यात जमावाने दुसऱ्या अ‍ॅव्हेन्यूवरील एका शस्त्रागारावर हल्ला चढवला. बंदुका ठेवण्याची जागा जमावाच्या हाती पडली तर काय होईल, हा प्रश्न शहरातील धनिकांच्या मनात तेव्हापासून बसला.

या पलटणी कवायत करीत तरी कोठे? बहुधा भाड्याच्या माडीवर. खाली दुकान नाहीतर गोदाम, वर बंदुका आणि कवायत. सातव्या रेजिमेंटची जागा त्या मानाने बरी होती. टॉम्पकिन्स मार्केटच्या वरच्या मजल्यांवर तिचे बिऱ्हाड होते. खाली मटण आणि भाजीपाल्याचे गाळे, वर रेशमी मोज्यांचे पाय. परंतु अशा माडीचे तोटे उघड होते. पाचशे-सातशे माणसे फळी करून वळायची तर ऐसपैस जमीन लागते. मध्ये खांब आला की रांग मोडते. मोकळ्या मैदानात जावे तर न्यूयॉर्कचा हिवाळा बर्फाचा, आणि शिपाई दिवसभर नोकरी करून येणारे, म्हणजे कवायत दिव्याच्या उजेडातच व्हायची. सर्वांत मोठी अडचण जिन्याची. माडीवरून उतरणारी पलटण एका अरुंद दारातून बाहेर पडते. त्या दारासमोर दगड घेऊन जमाव उभा राहिला तर पलटण तिथेच कोंडली जाते.

१८७३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. रेल्वेच्या रोख्यांवर उभारलेल्या पेढ्या बुडाल्या आणि लाखो माणसे बेकार झाली. १३ जानेवारी १८७४ रोजी न्यूयॉर्कचे बेकार कामगार टॉम्पकिन्स चौकात सभेसाठी जमले. त्यांची मागणी एवढीच की शहराने सार्वजनिक कामे काढावीत. घोडेस्वार पोलिसांनी त्यांना सोट्यांनी झोडपून काढले. त्या गर्दीत तेवीस वर्षांचा एक सिगार वळणारा कामगार होता. एका तळघराच्या पायऱ्यांवर उडी टाकून त्याने आपले डोके वाचवले. त्याचे नाव सॅम्युएल गाँपर्स. पुढे १८८६ साली तो अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा पहिला अध्यक्ष झाला. सिगारच्या कारखान्यात एक जण पुस्तक वाची आणि बाकीचे त्याच्या वाटणीच्या सिगार वळून देत. गाँपर्सचे शिक्षण असे झाले. आपल्याकडील विडी कामगारांमध्ये काम केलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

त्याच १८७४ साली सातव्या रेजिमेंटला पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील जमीन शहराकडून मिळाली. परंतु बांधकामाला पैसा मिळेना. आणि मग आले १८७७ साल.

त्या वर्षीच्या जुलैत बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने मजुरी दहा टक्क्यांनी कापली. मंदीत ही पहिलीच कपात नव्हती. १६ जुलै रोजी वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग स्थानकावर कामगारांनी इंजिने सोडवून ठेवली आणि कपात मागे घेतल्याशिवाय एकही मालगाडी हलणार नाही असे सांगितले. राज्याच्या गव्हर्नरने तेथील मिलिशिया पाठवली. थोडी चकमक झाली, एक संपकरी गोळीने प्राणास मुकला. पण पलटणीने पुढे पाऊल टाकले नाही. कारण उघड होते. त्या तुकडीतले कित्येक जण रेल्वेचेच नोकर होते, किंवा नोकरांचे भाऊबंद होते. जो समोर उभा आहे त्याच्याच घरी काल जेवलो, त्याच्यावर नेम कसा धरायचा? शेवटी अध्यक्ष हेज यांना केंद्राची फौज धाडावी लागली.

संप रुळांच्या मार्गाने पसरत गेला. २० जुलैला बाल्टिमोर येथे सहाव्या रेजिमेंटला स्थानकाकडे निघण्याचा हुकूम झाला. तिचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होते आणि बाहेर पडायला अरुंद वाट. रस्त्यावर हजारोंचा जमाव. दगड आले, गोळ्या सुटल्या आणि दहाएक नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी पिट्सबर्ग. तेथील स्थानिक शिपाई जमावात मिसळून गेले होते, म्हणून फिलाडेल्फियाहून पलटण आणवली होती. परक्या गावच्या त्या पलटणीने गोळीबार केला, वीसजण ठार झाले, आणि संतापलेल्या गावाने तिला इंजिनाच्या शेडमध्ये कोंडून रेल्वेच्या आवाराला आग लावली. १०४ इंजिने आणि बाराशेवर डबे जळाले. संप देशभर पसरून ओसरला तोवर शंभराच्या आसपास माणसे मेली होती.

या जुलैचे धडे दोघांनीही घेतले. कामगारांनी काय धडा घेतला ते पुढे येईलच. धनिकांनी दोन धडे घेतले. पहिला धडा माणसांचा: कामगार वस्तीतल्या शिपायावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरा धडा जागेचा: पलटणीला स्वतःची, स्वतंत्र, वेढा सोसू शकणारी इमारत हवी. सातव्या रेजिमेंटकडे पहिली अट आधीच पुरी होती. दुसरीसाठी आता पैशाचा ओघ सुरू झाला. १३ ऑक्टोबर १८७७ रोजी, म्हणजे संप मिटून तीन महिने होतात न होतात तोच, पार्क अ‍ॅव्हेन्यूवर कोनशिला बसली. अ‍ॅस्टर, व्हँडरबिल्ट अशा घराण्यांनी आणि मोठमोठ्या पेढ्यांनी वर्गण्या दिल्या. जमीन शहराची, पलटण राज्याची आणि भिंती शेठजींच्या, असा हा तिरंगी संसार होता. १८७९ च्या नोव्हेंबरात नव्या इमारतीत निधीसाठी मोठी जत्रा भरली. तिचे उद्घाटन झाले ते अध्यक्ष हेज यांच्या हस्ते, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी रेल्वे कामगारांवर फौज धाडली होती. १८८० च्या वसंतात पलटण तेथे राहायला गेली.

आता इमारत पाहू. तिचा आराखडा चार्ल्स क्लिंटन या स्थापत्यकाराने केला. तो स्वतः या पलटणीत होता. दर्शनी भाग लाल विटांचा, किल्ल्यासारखा, बुरुजांचा. खालच्या खिडक्या अरुंद आणि बंदिस्त, दारे जाड ओक लाकडाची. आत शिरल्यावर मात्र किल्ल्याचा भास संपतो आणि राजवाड्याचा सुरू होतो. लुई टिफनी याने, पुढे जगप्रसिद्ध झालेल्या त्या काचकामाच्या कलावंताने, जुन्या सैनिकांच्या दालनाची आणि ग्रंथालयाची सजावट आपल्या सहकाऱ्यांसह केली. प्रत्येक कंपनीची वेगळी खोली कोरीव लाकूडकामाने मढवलेली. या सगळ्याच्या पाठीमागे आहे ते कवायतीचे दालन. सुमारे तीनशे फूट लांब, दोनशे फूट रुंद, ऐंशी फूट उंच, आणि पंचावन्न हजार चौरस फुटांच्या त्या जमिनीवर मध्ये खांब नाही. लोखंडी कमानी एका बाजूच्या पायापासून दुसऱ्या बाजूच्या पायापर्यंत सरळ गेल्या आहेत.

हे छप्पर कोठून आले? रेल्वेच्या मोठ्या स्थानकांतून. फलाट आणि रूळ यांच्यामध्ये खांब नकोत आणि इंजिनाच्या धुराला वर जायला जागा हवी, म्हणून लोखंडी कमानींचे असे छप्पर इंजिनियरांनी त्या काळात सिद्ध केले होते. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर ते १८७१ पासून होते. कवायतीच्या रांगांनाही खांब नकोच होते, म्हणून तेच छप्पर इकडे उचलले गेले. ज्या रेल्वेच्या कामगारांच्या धास्तीने इमारतीला वेग आला, त्याच रेल्वेच्या कारागिरीने तिच्यावर छत्र धरले. आम्हाला यात नवल वाटत नाही. मालकाच्या हातात जे जे हत्यार असते ते कोणत्या ना कोणत्या कामगारानेच घडवलेले असते.

सातव्या रेजिमेंटने वाट घालून दिली आणि पुढल्या तीस-पस्तीस वर्षांत अमेरिकेच्या औद्योगिक शहरांतून अशा आर्मऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेक सरकारी पैशाने. शिकागोच्या १८८६ च्या घटनेनंतर तेथील व्यापाऱ्यांच्या कमर्शिअल क्लबाने शहराबाहेर सहाशेवर एकर जमीन फौजेची छावणी वसवण्यासाठी सरकारला देऊन टाकली. तीच फोर्ट शेरिडन. १८९१ साली शहराच्या मध्यावर पहिल्या रेजिमेंटची आर्मरी उभी राहिली. १ मे या दिवसाची ही दुसरी बाजू आहे.

१८९२ साली पेनसिल्व्हेनियात होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली. मालकाने आणवलेल्या भाडोत्री पहारेकऱ्यांना कामगारांनी परतवले, तेव्हा राज्याने आठ हजारांवर मिलिशिया धाडली. कारखान्याचा सूत्रधार फ्रिक याच्यावर एका माथेफिरू तरुणाने गोळी झाडली, ती बातमी छावणीत आली. आयम्स नावाच्या एका शिपायाने मारणाऱ्याचा जयजयकार केला. त्याला अंगठ्यांना दोरी बांधून टांगण्यात आले, अर्धे डोके भादरून, गणवेश उतरवून छावणीबाहेर हाकलण्यात आले. माणसावर गोळी झाडण्याचा जयजयकार आम्ही मान्य करीत नाही. पण त्या शिक्षेत जी भीती दिसते ती ओळखली पाहिजे. एका शिपायाच्या आरोळीला आठ हजारांची फौज घाबरली, कारण ती आरोळी आणखी किती छात्यांत दडलेली आहे याचा अंदाज अधिकाऱ्यांना नव्हता.

पार्क अ‍ॅव्हेन्यूची पलटण तिच्या नव्या घरातून संपावर निघाली ती जानेवारी १८९५ मध्ये. ब्रुकलिनचे ट्राम कामगार दिवसाची मजुरी दोन डॉलरवरून सव्वादोन डॉलर व्हावी म्हणून संपावर गेले होते. पाच हजार संपकऱ्यांपुढे सुमारे सात हजार शिपाई आणून उभे केले. बर्फात, ट्रामच्या आगारांची राखण करीत, संपफोड्यांच्या गाड्या चालवून देत पेढीवरच्या मुलांनी आपले कर्तव्य बजावले. संप मोडला. सव्वादोन डॉलर काही मिळाले नाहीत.

अशा वेळी कामगार संघटनांनी काय करायला हवे होते? त्यांनी जे केले ते समजण्यासारखे आहे. नव्वदीच्या दशकात आणि पुढे कित्येक संघटनांनी ठराव केले की आमच्या सभासदाने नॅशनल गार्डमध्ये जाऊ नये. जाईल त्याला संघटनेत थारा नाही. १९०२ साली न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी गावात रंगाऱ्यांच्या संघटनेने अशा एका सभासदाला काढून टाकले आणि त्यापायी त्याची नोकरीही गेली. वर्तमानपत्रांनी देशभर गिल्ला केला, कामगारांना देशद्रोही ठरवले. संघटनांचे म्हणणे सरळ होते: आज जो माझ्याशेजारी भिंत रंगवतो तो उद्या माझ्यावर बंदूक रोखणार असेल, तर त्याला मी भाऊ कसा म्हणू?

या रागाबद्दल आम्हाला आदर आहे. तरीही तो मार्ग बरोबर होता असे आम्हाला वाटत नाही. १८७७ चा हिशेब मांडून पाहावा. मार्टिन्सबर्गला शिपाई कामगारांच्या घरचे होते, ते थांबले. पिट्सबर्गला स्थानिक शिपाई जमावात मिसळले. रक्त सांडले ते परक्या गावच्या पलटणीने. मग शहाणपण कशात होते? कवायतगृहाकडे पाठ फिरवण्यात, की त्याच्या प्रत्येक रांगेत आपला एक माणूस असण्यात? धनिकांना रेशमी मोज्यांची पलटण हवी होती. संघटनांच्या बंदीने सगळ्याच पलटणींना तसे मोजे चढवायला हातभार लागला. शत्रूला जे हवे आहे ते रागाच्या भरात आपणच करून ठेवण्याची खोड चळवळीला नेहमी लागते.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट बाजूने आला होता. १८७० च्या दशकात हिंदुस्थानातील रेल्वे कंपन्यांनी आपल्या गोऱ्या आणि युरेशियन नोकरांच्या स्वयंसेवक पलटणी उभारल्या, जी. आय. पी. रेल्वेचीही अशी पलटण होती. रूळ अंथरणाऱ्या, गाडी साफ करणाऱ्या हिंदी माणसाला त्या पलटणींचे दार जवळजवळ बंदच होते. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने त्याचे हात आणखी बांधले. १८८६ साली कलकत्त्याला दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेसने ठराव केला की हिंदी लोकांनाही स्वयंसेवक म्हणून घ्यावे. दादाभाईंची पिढी कवायतगृहाबाहेर उभी राहून आत घ्या म्हणत होती, कारण बंदूक कोणाच्या हाती आहे यावर राज्य कोणाचे हे ठरते, हे तिला कळले होते. त्या दाराबाहेरही आणखी एक दार होते. महार समाजाची फौजेतील भरती सरकारने बंद केली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली विलायत सरकारपर्यंत अर्ज धाडला. महायुद्धाची निकड लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली गेली.

न्यूयॉर्कलाही अशीच एक पलटण होती. हार्लेम वस्तीतील काळ्या नागरिकांची पंधरावी रेजिमेंट पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभी राहिली, तेव्हा तिला आर्मरीच नव्हती. रस्त्यात आणि नाचघरात कवायत करून ती फ्रान्सला गेली. ३६९ वी रेजिमेंट या नावाने तिने आघाडीवर १९१ दिवस काढले आणि फ्रेंच सरकारने तिला शौर्यपदक दिले. हार्लेममध्ये तिचे स्वतःचे कवायतगृह पुरे झाले ते १९३३ साली. पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या पलटणीचे वारसही त्याच युद्धात १०७ वी रेजिमेंट म्हणून लढले आणि सप्टेंबर १९१८ अखेरच्या हल्ल्यात एका दिवसात शेकडोंनी पडले. खंदकात मोजे रेशमी नसतात. तेथे पडलेल्या प्रत्येकाला आमचे वंदन आहे.

गणवेशातील माणूस कोणाचा, हा प्रश्न मुंबईनेही पाहिला आहे. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत मात्र नौदलाचे खलाशी स्वतः उठले आणि २२ तारखेला मुंबईचा कामगार त्यांच्यासाठी संपावर गेला. १९८२ साली जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, त्या वेळी आम्ही शाळकरी वयाचे होतो. त्याच वर्षी १८ ऑगस्टला शहराच्या पोलीस शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी बंड केले. गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि शहरात लष्कर बोलवावे लागले. सोट्याच्या दोन टोकांना उभी असलेली माणसे एकाच चाळीत राहतात, हे त्या दिवशी मुंबईला दिसले. संपाच्या दारावर उभ्या असलेल्या शिपायाला आम्ही कधी शिवी देऊ देत नाही, चहा पाठवतो. तरुण कार्यकर्त्यांना हे मवाळ वाटते. त्यांनी मार्टिन्सबर्ग आठवावे.

विसावे शतक सरकत गेले तशी आर्मऱ्यांची मूळ भीती ओसरली, आणि एवढी मोठी बिनखांबी दालने लोकांच्या उपयोगी पडू लागली. १९१३ साली एकोणसत्तराव्या रेजिमेंटच्या, म्हणजे त्या आयरिश मजुरांच्या पलटणीच्या आर्मरीत चित्रकलेचे एक प्रदर्शन भरले. युरोपातील नवी चित्रकला अमेरिकेने प्रथम मोठ्या प्रमाणावर तेथे पाहिली. 'आर्मरी शो' हे नाव कलेच्या इतिहासात आज कायम आहे. त्याच आर्मरीत सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर बेपत्ता माणसांचे आप्त चौकशीला येऊन बसत. पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या आर्मरीत वरच्या मजल्यावर निराधार स्त्रियांचे निवासस्थान झाले आणि २००० नंतरच्या दशकात कवायतीचे दालन एका संस्थेकडे नाटक, संगीत आणि कलाप्रयोगांसाठी गेले. जी इमारत बेघरांच्या जमावापासून रक्षण करण्यासाठी बांधली, तिच्याच माडीवर बेघर बाया झोपू लागल्या.

येथे कथा संपवली असती तर ती गोड झाली असती. पण इमारत लोकांच्या उपयोगी पडली म्हणजे ती लोकांची झाली, असे होत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात किंग्जब्रिज येथे १९१७ मध्ये पुरी झालेली आर्मरी आहे. तिचे कवायतीचे दालन पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या तिपटीहून मोठे आहे. १९९० च्या दशकात ती रिकामी झाली. शहराने तेथे मॉल करायचे ठरवले आणि बांधणाऱ्याला करांच्या सवलती देऊ केल्या. ब्रॉन्क्स हा गरिबांचा भाग. तेथील रहिवासी, चर्च आणि दुकान-कामगारांची युनियन यांनी एकत्र येऊन एकच अट घातली: सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या या मॉलमध्ये काम करणाऱ्याला तासाला निदान दहा डॉलर आणि आजारपणाच्या सोयी मिळाल्या पाहिजेत. निर्वाह वेतन ही मागणी आमच्या कानांना नवी नाही. बांधणाऱ्याने आणि महापौरांनी ती नाकारली. १४ डिसेंबर २००९ रोजी शहराच्या कौन्सिलने ४५ विरुद्ध १ मतांनी तो बेतच फेटाळला.

इमारत त्यानंतरही वर्षानुवर्षे रिकामी राहिली. बर्फावरील खेळांच्या संकुलाची एक योजना पुढे आली, तीही सिद्धीस गेली नाही. तेव्हा टीकाकार म्हणाले की युनियनच्या हट्टाने गरिबांच्या शेकडो नोकऱ्या गेल्या. ही टीका झटकून टाकण्यासारखी नाही. रिकाम्या पोटाला तत्त्व पचत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण त्याच लढ्यातून सार्वजनिक मदत घेणाऱ्या प्रकल्पांत किमान दहा डॉलर देण्याचा कायदा २०१२ साली त्या शहराने केला. १८९५ साली सव्वादोन डॉलर मागणाऱ्यांसमोर कवायतगृहातून बंदुका आल्या होत्या. एकशेचौदा वर्षांनी दहा डॉलर मागणाऱ्यांनी कवायतगृहाचेच भवितव्य अडवून धरले. फरक पडला तो कशाने? या वेळी लोक इमारतीला शिव्या देऊन थांबले नाहीत. तिच्या छपराखाली काय चालावे आणि कोणत्या अटीवर चालावे, हे ठरवण्यासाठी ते सभेत जाऊन बसले.

आपल्या गिरणगावात धुराडी पडली आणि त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. त्या जागेवर कोणाचा हक्क, किती घरे कामगारांना, यावर मोर्चे निघाले आणि निघतात. पण त्याच छपराखाली आज दहा-दहा तास उभी राहून कपडे घडी घालणारी पोरे आणि पोरी किती पगारावर आहेत, त्यांना बसायला स्टूल मिळते का, आजारी पडल्यास त्यांचा दिवस कापला जातो का, हे विचारणारी युनियन फार क्वचित दिसते. ती पोरे कंत्राटी आहेत, पांगलेली आहेत, आपल्याला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात, असे आम्हाला सांगण्यात येते. गाँपर्सचे सिगार वळणारे सोबतीही पांगलेलेच होते. पुस्तक वाचून दाखवता दाखवता ते एकत्र आले. दुकाने रात्री उशिरा बंद होतात. सभा त्यानंतर घ्यावी लागेल, आणि सभेला जागा लागेल. वाचनालयाची खोली रात्री दहानंतर उघडी ठेवण्याची परवानगी या मालेच्या चालकांनी मिळवून द्यावी, एवढी आमची विनंती आहे.